डेल्फ्टपासून सातपुड्यापर्यंत : रक्तपेशींचा इतिहास

या स्मरणिकेत सभासदांच्या यादीत प्रत्येक नावापुढे रक्तगट छापायचा असं संपादक मंडळाने ठरवलं, आणि ते गोळा करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. तेहतीस वर्षं लॅब टेक्निशियन म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार! रक्तगट लिहून घेता घेता लोक रिपोर्टची फाईलच पुढे करायचे. "आप्पा, हे बघा ना, पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणता, म्हणजे नेमकं काय?" "इओसिनोफिल म्हणजे काय असतं हो?" प्रत्येकाला ओट्यावर बसून सांगायला वेळ नव्हता. तेव्हा म्हटलं, लिहूनच देतो. पण नुसती माहिती शाळेच्या पुस्तकातही मिळते. मला जास्त रस आहे तो हे सगळं माणसाला कळलं कसं, यात. आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या खानदेशात, दोंडाईचा-नंदुरबारच्या पट्ट्यात येऊन पोहोचतो, म्हणून तो सांगायचा.

रक्त लाल असतं हे सगळ्यांना ठाऊक, पण ते पाण्यासारखं एकसंध नाही हे कळायला सतरावं शतक उजाडावं लागलं. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरतं, हृदय ते ढकलतं, हे दाखवून दिलं. पण त्या रक्तात काय आहे हे त्यालाही दिसलं नव्हतं. त्यासाठी भिंग पाहिजे होतं. हॉलंडमध्ये यान स्वामरडॅमने १६५८ च्या सुमाराला बेडकाच्या रक्तात तांबडे कण पाहिले. माणसाच्या रक्तातले कण नीट पाहून त्यांचं वर्णन केलं ते डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने, १६७४ मध्ये. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता, प्राध्यापक नव्हता. कापडाचा दुकानदार होता! कापडाचा धागा तपासायला व्यापारी भिंग वापरत, तो त्यातूनच पुढे गेला आणि स्वतःच्या हाताने भिंगं घासून बनवू लागला. आपल्याकडे कापड दुकानदारांची कमी नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

लेव्हेनहूकला दिसल्या त्या तांबड्या पेशी. त्या दिसणं सोपं, कारण रक्तात त्यांचीच गर्दी. एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबात, निरोगी पुरुषाच्या ४५ ते ५५ लाख तांबड्या पेशी असतात. बायकांच्या थोड्या कमी. त्याच थेंबात पांढऱ्या पेशी असतात जेमतेम ४ ते ११ हजार. त्यामुळे पांढऱ्या पेशींकडे लक्ष जायला अजून पावणेदोनशे वर्षं गेली. १८४३ मध्ये पॅरिसचे गॅब्रिएल आंद्राल आणि इंग्लंडचे विल्यम अ‍ॅडिसन या दोन डॉक्टरांनी, एकमेकांना न विचारता, पांढऱ्या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिसरा प्रकार म्हणजे प्लेटलेट, मराठीत बिंबिका. त्या इतक्या बारीक की कित्येकांनी त्या पाहिल्या आणि कचरा समजून सोडून दिल्या. इटलीत तुरिनच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीला इजा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा हे कण धावत येऊन जखमेवर चिकटताना दिसले. बांधावर पाणी फुटलं की पहिली माती टाकणारे असतात ना, तसे. रक्त गोठण्याची सुरुवात ते करतात हे तेव्हा कळलं.

या तिन्ही पेशी तयार होतात हाडाच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तेही याच बिझोझेरोंनी आणि जर्मनीच्या अर्न्स्ट नॉयमान यांनी १८६८ च्या सुमाराला दाखवलं. त्याआधी लोकांना वाटायचं की रक्त यकृतात बनतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यात केंद्रक नसतं, म्हणून ती स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही. झिजली की प्लीहा तिला मोडीत काढते आणि आतलं लोह पुन्हा वापरायला परत देते. जवळपास वीस लाख नव्या तांबड्या पेशी दर सेकंदाला बनत असतात, तेव्हा कुठे हिशोब जुळतो. प्लेटलेट आठ-दहा दिवस टिकते.

आता पांढऱ्या पेशी. या एका जातीच्या नाहीत हे ज्यांनी ओळखलं ते पॉल एर्लिख. जर्मनीत त्या काळी कापड रंगवण्याचे नवे रासायनिक रंग निघाले होते. एर्लिखना विद्यार्थी असल्यापासून रंगांचा नाद. त्यांनी हे रंग रक्ताच्या काचेवर टाकून पाहिले. १८७९ च्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या पांढऱ्या पेशी वेगवेगळा रंग धरतात. इओसिन नावाचा गुलाबी रंग ज्या पेशीतल्या दाण्यांना आवडला ती इओसिनोफिल. अल्कलीधर्मी निळा रंग धरणारी बेसोफिल. दोन्हीकडे फारशी न झुकणारी न्यूट्रोफिल. म्हणजे बघा, आपल्या रिपोर्टवर जी भारी-भारी नावं असतात, ती मुळात रंगारी कामातून आलेली आहेत. कापडाच्या दुकानातून सुरू झालेला इतिहास कापडाच्या रंगापर्यंत आला.

पुढे रशियाचे रोमानोव्स्की यांनी दोन रंगांची जोडी लावली आणि १९०१ मध्ये इंग्रज लष्करी डॉक्टर विल्यम लीशमन यांनी तिला सोपं रूप दिलं. लीशमन हिंदुस्थानातही नोकरीला होते. त्यांचा तो लीशमन स्टेन मी आयुष्यभर वापरला. काचेवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या काचेने एका हाताच्या झटक्यात पातळ थर ओढायचा, वाळवायचा, स्टेन टाकायचा, दोन मिनिटं थांबायचं, त्यावर दुप्पट बफरचं पाणी, मग सात-आठ मिनिटं, मग धुवायचं. थर नीट ओढला तर शेवटाला पक्ष्याच्या पिसासारखा दिसतो. शिकाऊ पोरांचे थर भाकरीसारखे जाड यायचे. मी त्यांना पुन्हा-पुन्हा ओढायला लावायचो.

या काचेवर न्यूट्रोफिल सगळ्यात जास्त, शंभरात ४० ते ७५. कुठे काटा रुतला, गळू झालं, न्यूमोनिया झाला, की आधी धावतात त्या याच. जंतूला गिळतात आणि स्वतः मरतात. पू म्हणतो ना आपण, तो बहुतांशी यांच्याच प्रेतांचा. पेशी जंतूला गिळते ही गोष्ट इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सिसिली बेटावर मेसिनाला शोधली. ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवाच्या पारदर्शक पिल्लात त्याने काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला. मेचनिकॉफ आणि एर्लिख यांचं आपसात फार जमत नव्हतं. एक म्हणे संरक्षण पेशी करतात, दुसरा म्हणे रक्तातली द्रव्यं करतात. १९०८ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. दोघंही बरोबर होते.

लिम्फोसाइट शंभरात २० ते ४५. एर्लिखची बाजू यांच्याकडून खरी ठरते, कारण प्रतिद्रव्यं बनवण्याचं काम यांच्याच एका शाखेचं. एकदा भेटलेला शत्रू या वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, लस लागू पडते, ती यांच्यामुळे. मोनोसाइट आकाराने सगळ्यात मोठ्या. रक्तातून बाहेर पडून त्या सफाई कामगार होतात. बेसोफिल शंभरात एखादी दिसली तर दिसली, पुष्कळदा दिसतच नाही.

इओसिनोफिल शंभरात १ ते ६. त्या वाढल्या की लोक ताबडतोब म्हणतात, "आप्पा, मिरचीची ॲलर्जी असेल." आपलं गाव मिरचीचं, हंगामात अर्धं गाव शिंकतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण मिरचीच्या ठसक्याने येणारी शिंक ही मिरचीच्या तिखटपणाने येते, इओसिनोफिलचा त्यात हात नसतो. खेड्यापाड्यात या वाढण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पोटातले जंत. शेतात अनवाणी चालणाऱ्यांना पायाच्या कातडीतून हूकवर्म शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. अशा माणसाच्या काचेवर इओसिनोफिल वाढलेल्या आणि तांबड्या पेशी फिकट, लहान, मधोमध पोकळ दिसणाऱ्या. दोन्ही खुणा एका काचेवर दिसल्या की काय चाललंय ते समजायचं.

मोजणी कशी करायचो तेही सांगतो, कारण आता कुणी करत नाही. न्यूबॉर चेंबर नावाची जाड काच असते, तिच्यावर चौकटी कोरलेल्या. पांढऱ्या पेशींच्या पिपेटमध्ये पांढरा मणी, तांबड्यांच्या पिपेटमध्ये लाल मणी. रबरी नळी तोंडात धरून रक्त खुणेपर्यंत ओढायचं, पुढे पातळ करायचं द्रव ओढायचं. होय, तोंडाने! आज हे ऐकून नवीन मुलं तोंड वाकडं करतात. पांढऱ्यांसाठी रक्त वीसपट पातळ, चार कोपऱ्यातल्या चौकटी मोजायच्या आणि येईल त्याला पन्नासने गुणायचं. तांबड्यांसाठी दोनशेपट पातळ, मधल्या पाच बारीक चौकटी आणि दहा हजाराने गुणायचं. दिवसाला तीस-चाळीस पेशंट झाले की रात्री डोळे मिटले तरी चौकटी दिसायच्या. अमेरिकेच्या वॉलेस कूल्टर यांनी बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जाताना विजेच्या प्रवाहात पडणारा फरक मोजायची युक्ती काढली, १९५३ मध्ये तिचं पेटंट मिळालं. आजची काउंटर यंत्रं बरीचशी त्याच युक्तीवर चालतात. यंत्र मिनिटभरात वीस आकडे देतं. पण पेशीचा चेहरा बघायचा तर अजूनही काच आणि डोळा लागतोच, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

प्लेटलेटबद्दल दोन शब्द, कारण डेंग्यूच्या दिवसांत माझा फोन सारखा वाजतो. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत त्या घसरतात, ऐंशी हजार, पन्नास हजार, आणि घरचे घाबरून पपईची पानं शोधायला निघतात. डेंग्यूत खरा धोका पुष्कळदा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होण्याचा असतो. म्हणून डॉक्टर प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिट बघतात. रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्याला घाबरून प्लेटलेट चढवायची धावपळ करू नये, निर्णय डॉक्टरांवर सोडावा. आणि गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं लावावीत, हे मी सर्वसाधारण सभेत दरवर्षी सांगतो तसं इथेही सांगून घेतो.

आता रक्तगटांकडे येतो. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०० ते १९०१ मध्ये स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं. काही जोड्यांत तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या, काहींत झाल्या नाहीत. त्यातून ए, बी आणि आजचा ओ हे गट निघाले. एबी गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. १९४० मध्ये त्यांनीच वीनर यांच्यासोबत आरएच घटक शोधला, आपण ज्याला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या खुणा असतात, त्यावरून ए आणि बी ठरतात. ओ गटात या दोन्ही खुणा नसतात, पण त्यांच्या खालची पायाभूत खूण, तिला एच म्हणतात, ती असते.

आणि इथे मुंबई येते. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना मुंबईत असे लोक आढळले की ज्यांच्या तांबड्या पेशी तपासल्या तर ओ गट वाटायचा, पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नव्हतं. ती पायाभूत एच खूणच त्यांच्यात नव्हती, उलट तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्य होतं. इंग्लंडच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन हा शोध 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापला गेला आणि जगाने त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' असं नाव दिलं. शहराचं नाव बदललं, गटाचं नाव तेच राहिलं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असा गट असतो, युरोपात दहा लाखांत एखादा. अशा माणसाला फक्त त्याच गटाच्या माणसाचं रक्त चालतं. याच कामातून पुढे १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचं संदर्भ केंद्र सुरू झालं, ते आज केईएम हॉस्पिटलच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून चालतं.

तर आपल्या यादीत ज्यांच्यापुढे 'ओ' छापलंय, त्यातला एखादा बॉम्बेचाही असू शकतो. फक्त पेशींची पुढची चाचणी केली तर हे लक्षात येत नाही. रक्तातल्या द्रवाची उलट चाचणी ओ पेशींसोबत केली की तिथे गुठळी दिसते. म्हणून रक्तपेढीत दोन्ही चाचण्या आणि चढवण्याआधी क्रॉसमॅच हवाच. यादीवरून थेट रक्त देऊन टाकू असं कुणी समजू नये. यादीचा उपयोग एवढाच, की रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा ते कळावं. पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारे लोक दवाखान्यांच्या आसपास असायचे. त्यांच्याकडे हिमोग्लोबिन सहा-सात आणि आजार किती कोण जाणे. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैशाने रक्त घेणं बंद झालं. तेव्हापासून सगळा भार तुमच्या-माझ्यासारख्यांवर आहे. दिलेली एक पिशवी आता तिघांना वाटता येते : तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट खोलीच्या तापमानाला हलत्या ट्रेवर पाच दिवस, आणि प्लाझ्मा गोठवून वर्षभर. म्हणून प्लेटलेटचा दाता आज लागतो, आताच लागतो.

१९५२ सालाचं आणखी एक महत्त्व आहे. त्याच वर्षी लेहमान आणि कटबुश या दोघांनी निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये सिकलसेल असल्याचं प्रसिद्ध केलं. तोवर हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार असं समजत. ही गोष्ट मात्र मागून सांगावी लागेल.

१९०४ मध्ये शिकागोला वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी दवाखान्यात दाखल झाला. कॅरिबियन बेटांतल्या ग्रेनाडाहून दंतवैद्यकी शिकायला आलेला. खोकला, ताप, अशक्तपणा, पायाला जखमा. अर्नेस्ट आयरन्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताची काच पाहिली, तर गोल पेशींमध्ये लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी. वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे छापलं. नोएल शिकून मायदेशी परतला, दंतवैद्यकी केली आणि १९१६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. १९४९ मध्ये लिनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात वेगळ्या गतीने सरकतं हे दाखवलं. आजाराचं मूळ एका रेणूत आहे असं सांगणारा हा पहिलाच शोध. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी चूक काढली. हिमोग्लोबिनच्या १४६ कड्यांच्या एका साखळीत सहाव्या जागी एक कडी बदललेली. बस, एवढंच! ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांड्यासारखं होतं, पेशी वाकते, ताठ होते, बारीक नळीत अडकते. एकशेवीस दिवसांऐवजी ती दहा-वीस दिवसांतच मरते. अडकली तिथे असह्य वेदना, मेली म्हणून रक्त कमी.

आपल्या राज्यात नागपूरचे शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतात सिकलसेल असल्याचं लिहिलं. पुढे पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी अनेक वर्षं महाराष्ट्रातले आदिवासी पाडे पालथे घातले. त्यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत वाहकांचं प्रमाण शंभरात २० ते ३५ पर्यंत निघालं, आणि जास्त रुग्ण असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, चंद्रपूरबरोबर आपलं नंदुरबार होतं. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला, पण त्याआधी नंदुरबार आपल्याच धुळे जिल्ह्यात होतं, आणि रेल्वेच्या एका रुळावर दोंडाईचा आणि नंदुरबार आजही शेजारी आहेत. मिरचीच्या पथारीवर खुडायला, वाळवायला जे मजूर येतात, शेतात कापूस वेचायला येतात, ऊसतोडीला जातात, त्यातले पुष्कळजण अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरातले.

हा दोष सातपुड्यातच इतका का? उत्तर डासात आहे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला हिवतापाचा जंतू डासात पाहिला; माणसाच्या अंगात तो जंतू तांबड्या पेशीत शिरून वाढतो. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं की ज्याला एकाच पालकाकडून हा दोष आला, म्हणजे जो नुसता वाहक आहे, त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. हिवतापाच्या जंगलात हजारो वर्षं ज्यांची मुलं जगली, त्यांच्या रक्तात हे शिल्लक राहिलं. दोन्हीकडून आला की आजार, एकीकडून आला की ढाल. त्यामुळे "यांच्या रक्तातच खोट आहे" असं कुणी बोललं की मला राग येतो. आणि हा फक्त आदिवासींचा आजार आहे असंही नाही. विदर्भात तो इतर समाजांतही भरपूर आहे.

माझ्या टेबलावर एकदा धडगावकडची एक मजूर बाई दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. हातपाय दुखतात म्हणून तो रात्रभर रडायचा. आधी एका ठिकाणी सांधेवाताच्या गोळ्या झाल्या होत्या, मग भगताकडचा दोरा. शेजारी बसलेली म्हातारी आपली म्हणाली, "आंगमा रगत नही पोराना." तेवढं तिने बरोबर ओळखलं होतं, हिमोग्लोबिन साडेसहा होतं. काचेवर दोन-चार विळे दिसले. मग सोडियम मेटाबायसल्फाइटचा थेंब टाकून काच झाकली, अर्ध्या तासाने पाहिलं तर सगळीकडे विळेच. पुढे विद्राव्यता चाचणी केली. तिच्यात नळीतलं पाणी गढूळ होतं आणि मागे धरलेल्या वर्तमानपत्राच्या ओळी वाचता येत नाहीत. ही चाचणी फक्त सिकल आहे एवढं सांगते, वाहक की रुग्ण ते इलेक्ट्रोफोरेसिसवर ठरतं. म्हणून नमुना पुढे पाठवला. मुलगा रुग्ण निघाला, आईवडील दोघंही वाहक. त्यांना स्वतःला कधी काही त्रास नव्हता. वाहक असेच असतात, शेतात राबतात, म्हातारे होतात, त्यांना कळतही नाही.

दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण निरोगी मुलाची. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नाही, हे समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केलं तर एकही मूल रुग्ण होत नाही. हिशोब इतका साधा आहे. पण त्याचा वापर उलटा होताना मी पाहिला. तपासणीत वाहक निघालेल्या मुलांना पिवळं कार्ड मिळायचं, रुग्णांना लाल. एका बापाने मुलीचं पिवळं कार्ड चुलीत घातलं, कारण ठरत आलेलं लग्न मुलाकडच्यांनी "मुलगी आजारी आहे" म्हणून मोडलं होतं. मुलगी ठणठणीत होती. मुलाची चाचणी करा, एवढंच त्यांना सांगायला हवं होतं. तो वाहक नसता तर प्रश्नच नव्हता. मुलाची चाचणी करायला कुणी तयार झालं नाही. कार्ड मुलीचंच बघायचं, अशी आपली रीत.

१ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं आहे. मध्य प्रदेशात शहडोलला त्याची सुरुवात झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणी होईल, त्यात मला शंका नाही. कार्ड हातात दिल्यावर शेजारी बसून अर्धा तास बोलणारा माणूस किती ठिकाणी असेल, त्याबद्दल आहे.

उपचारांत बदल झाला तो मात्र मोठा. भारतातल्या रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा मोठेपणीही जास्त शिल्लक राहतं, ते विळा होऊ देत नाही, म्हणून आपल्याकडे आजार पुष्कळांत थोडा सौम्य असतो. पण सगळ्यांत नाही. हेच बाळहिमोग्लोबिन वाढवणारी हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे. भरपूर पाणी पिणं, कडाक्याची थंडी आणि उन्हातली अतिमेहनत टाळणं, तापाला लगेच उपचार, फॉलिक ॲसिड, लसी, यांच्या जोडीला ती दिली की वेदनेचे झटके कमी होतात. लोहाच्या गोळ्या मात्र रक्त कमी दिसलं म्हणून आपल्या मनाने देऊ नयेत; इथे लोह कमी असेलच असं नाही. २०२३ च्या शेवटी इंग्लंड आणि अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली. रुग्णाच्याच मज्जापेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत सोडतात. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. धडगावच्या पोरासाठी आज ती गोळीच आहे. ती रोज घ्यावी लागते, आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मोजाव्या लागतात, कारण डोस जास्त झाला तर ती त्याही कमी करते.